शिंगाआधी माती: पुण्यात मोठे भुंगे पाळायचे तर

कोषातून बाहेर आलेला भुंगा पुढे एक मिलिमीटरही वाढत नाही. हर्क्युलिस या शिंगवाल्या परदेशी भुंग्याचा नर शिंगासकट 16 सेंटीमीटरचा होणार की 11 वरच अडणार, हे तो अळी असतानाच ठरून गेलेलं असतं. आणि अळीचं अख्खं आयुष्य, म्हणजे नराच्या बाबतीत दीड ते दोन वर्षं, डब्यातल्या कुजवलेल्या भुश्यात जातं. तरी चौकशीला येणाऱ्याचा पहिला प्रश्न शिंगाचाच असतो. माती कसली घातली, किती घातली, कधी बदलली, हे विचारणारा विरळाच. इथे शिंगाची पाळी उशिरा येईल.

व्हिडिओंमध्ये दिसणारे बहुतेक मोठे भुंगे गेंडा भुंग्यांच्या कुळातले. हर्क्युलिस मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. त्याचा सगळ्यांत लांब शिंगाचा उपप्रकार कॅरिबियनमधल्या ग्वादलूप आणि डॉमिनिका बेटांवरचा. मेगासोमा म्हणजे हत्ती भुंगा, तोही तिकडचाच. अ‍ॅटलस आणि कॉकेशस आग्नेय आशियातले. काबुतोमुशी जपान, कोरिया, चीन, तैवान इकडचा. या छंदाची पंढरी जपान. तिथे 1999 मध्ये विदेशी भुंग्यांच्या आयातीवरची बंधनं सैल झाली आणि वर्षाला लाखोंनी भुंगे येऊ लागले. त्याच वर्षी टोकियोत 8 सेंटीमीटरचा एक डॉर्कस जातीचा, म्हणजे शिंगांसारखे जबडे असलेला, भुंगा 1 कोटी येनला विकला गेला. त्या किमतीच्या गोष्टी अजून ऐकवल्या जातात, आणि आपल्याकडच्या उत्साही मंडळींचं डोकं तिथूनच फिरतं.

भारतात ते तसं चालत नाही. 1914 चा विध्वंसक कीटक आणि पीडक कायदा व त्याखालचा 2003 चा वनस्पती विलगीकरण आदेश यांनुसार जिवंत कीटक देशात आणायचा तर केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांचा आयात परवाना लागतो. हौस म्हणून कुरिअरने डबा मागवणं त्यात बसत नाही. आंतरराष्ट्रीय टपालातही जिवंत प्राण्यांपैकी मधमाश्या, जळवा, रेशीमकिडे अशा मोजक्यांनाच वाट आहे. त्यातून बोलिव्हियाचा सेटॅनस भुंगा 2010 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. साइट्समधल्या जिवंत प्रजाती जवळ असतील तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते. ‘किड्याला कोण विचारतंय’ हा समज तर सोडूनच द्या. 2008 मध्ये दार्जिलिंगजवळ सिंगालिला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात किडे गोळा करणाऱ्या दोन चेक कीटकतज्ज्ञांना अटक झाली आणि कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. ताम्हिणी किंवा भीमाशंकरच्या अभयारण्यात दिव्याखाली पडलेला भुंगा उचलून खिशात घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मग हात कशावर बसवायचा? आपल्याच गेंडा भुंग्यावर. ऑरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस, नारळाचा कोवळा पोगा पोखरणारा. मुळशी, भोर, हवेली, कुठल्याही शेतावरचा शेणखताचा उकिरडा उकरला की इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या निघतात. शेतकरी सरसकट हुमणी म्हणतो, पण उसाची जिवंत मुळं खाणारी हुमणी वेगळी आणि खतात कुजकं खाऊन जाडजूड होणारी ही वेगळी. मालकाला विचारलंत तर तो टोपलीभर देईल, वर धन्यवादही म्हणेल. तंत्र हर्क्युलिसचंच, फक्त सगळं लहान आणि लवकर. यातल्या दहातल्या आठ अळ्या भुंगे होईपर्यंत जगवता आल्या नाहीत, तर मोठ्याचं नाव काढू नये.

आता माती. म्हणायचं माती, पण असतो तो आंबवलेला लाकडाचा भुसा. कच्च्या लाकडातलं अळीला फारसं पचत नाही. आधी बुरशी आणि जिवाणूंनी ते फोडून ठेवावं लागतं, आणि नत्रासाठी थोडा कोंडा लागतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात भुसा पोत्याने मिळतो, पण तो कशाचा आहे हे विचारून घ्या. सागाचा नको, सागात किडे दूर ठेवणारी द्रव्यं असतात, म्हणून तर तो दारं-खिडक्यांना वापरतात. देवदार, पाइन, कडुनिंब, नीलगिरी नको. प्लायवूड आणि एमडीएफ कापलेल्या मशीनखालचा भुसा तर अजिबात नको, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. एका पावसात बाहेर कुजायला लागतं ते लाकूड आपल्या कामाचं. आंब्याचा भुसा चांगला, रेन ट्रीचाही चालतो. रंध्याचे छिलके जाड पडतात, करवतीचा बारीक भुसा घ्या.

प्रमाण असं: 10 किलो कोरडा भुसा, 1 किलो गव्हाचा कोंडा (गिरणीतला किंवा पशुखाद्याच्या दुकानातला), एक चमचा बेकरीचं कोरडं यीस्ट, आणि 6 ते 7 लिटर पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही. ताडपत्रीवर भुसा-कोंडा कोरडाच नीट कालवा, मग शिंपडत शिंपडत भिजवा. मूठ घट्ट दाबली की लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. हे मिश्रण 100 लिटरच्या झाकणाच्या ड्रममध्ये भरा, झाकणाला भोकं पाडून वर सुती कापड बांधा. बादलीभर करून बघू म्हणणाऱ्यांचं फसतं ते इथेच: ढीग लहान असला की आतली उष्णता धरून राहत नाही आणि आंबणं मध्येच थांबतं. 40-50 लिटरच्या खाली जाऊ नका.

दोन-तीन दिवसांत ढीग तापतो, मध्यभागी 50 अंशांच्या वर जातो. हात घातला तर चटका बसेल इतका. वास आधी आंबूस, मग अमोनियाचा, डोळ्यांत पाणी आणणारा. रोज एकदा तळापासून वर-खाली करायचं, कडेचा कोरडा भाग मध्ये आणायचा, सुकलं असेल तर पाणी मारायचं. न हलवलेल्या ड्रमच्या तळाशी हवा पोचत नाही, तिथला थर काळा चिकट होतो आणि गटारासारखा वास मारतो. तो थर फेकून द्यायचा, बाकीच्यात मिसळायचा नाही. तीन-चार आठवड्यांत गरमी उतरते. त्यानंतरही महिनाभर ठेवा. रंग फिकट पिवळ्यावरून गडद तपकिरी होतो आणि वास पहिल्या पावसातल्या रानासारखा येतो.

झालं की नाही याची परीक्षा एकच. एक लिटरचा डबा या मातीने दाबून भरा, झाकण लावा, दोन दिवस ठेवा आणि आत थर्मामीटर खुपसा. खोलीपेक्षा दोन अंशांनी जरी गरम निघाला, तर माती तयार नाही. अर्धवट माती अळीच्या डब्यात गेली की पुन्हा तापते, प्राणवायू संपवते, आणि अळी वर येऊन पडते. नवख्यांच्या अळ्या सगळ्यात जास्त मरतात त्या अशाच, आणि दोष जातो पुरवठादाराला.

गांडूळखत घालू नका. दिसायला छान काळं असतं, पण त्यातलं खाण्यासारखं गांडुळांनी आधीच खाल्लेलं असतं. जिवंत गांडूळ एखादं जरी डब्यात शिरलं तरी अळीची माती तेच संपवतं. शेतावरून आणलेल्या शेणखताचं वेगळं भय: हुमणी मारण्यासाठी शेतकरी मेटारायझियम बुरशी खतात मिसळतात, आणि ती बुरशी हुमणी कोणती, गेंड्याची अळी कोणती, हे बघत बसत नाही. लागण झालेली अळी कडक होते, तिच्यावर आधी पांढरा आणि मग हिरवा थर येतो. असा डबा दिसला की अळी मातीसकट बंद पिशवीत घालून टाकायची आणि रिकामा डबा ब्लीचने धुवायचा. पालापाचोळा वापरणार असाल तर आधी 48 तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर गोम किंवा दुसऱ्या भुंग्यांच्या शिकारी अळ्या फुकट येतात.

अळी एका डब्यात एकच. एकत्र ठेवलेल्या अळ्या एकमेकींना चावतात आणि चाव्याचा काळा डाग पुढे चिघळतो. काबुतोमुशी किंवा आपल्या गेंड्याला 3 लिटर माती पुरते. हर्क्युलिसच्या नराला तिसऱ्या, म्हणजे अळीच्या शेवटच्या अवस्थेत 8 ते 10 लिटरचा डबा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदल. विष्ठा लहान चपट्या गोळ्यांच्या रूपात दिसते. डब्याच्या बाजूने पाहताना तिसरा हिस्सा गोळ्यांनी भरला की वेळ झाली. माती चाळणीने चाळून गोळ्या काढा आणि नव्या मातीत चौथा हिस्सा जुनी मिसळा. अळीच्या पोटातले जिवाणू त्या जुन्या मातीतून टिकतात. सगळीच्या सगळी बदलली तर अळी आठवडा-दोन आठवडे खायचं सोडते.

बदलताना वजन करा, झाकणावर लिहा. हर्क्युलिसचा चांगला नर 100 ग्रॅमच्या वर जातो, मादी त्याच्या निम्म्या-पाऊणपट. मेगासोमा अ‍ॅक्टिऑनची जपानात वाढवलेली एक अळी 228 ग्रॅम भरली होती, म्हणजे पाव किलोला थोडी कमी. नर-मादी ओळखायचं तर अळी उताणी धरा, शेपटाकडच्या शेवटून दुसऱ्या वळीवर पोटाच्या मध्यरेषेत बारीक ठिपका दिसतो का पाहा. दिसला तर नर. पहिल्या दोन अवस्थांत हे नीट कळत नाही, त्यामुळे लहान अळ्यांची ‘जोडी’ छातीठोकपणे विकणाऱ्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

पुण्याचं हवामान या छंदाला निम्मं वर्ष अनुकूल आहे. हर्क्युलिसला 20 ते 25 अंश लागतात. 28 च्या वर अळी खाणं कमी करते आणि घाईने कोषात जाते, म्हणजे लहान भुंगा; 30 च्या वर जिवाला धोका. एप्रिल-मे मध्ये बाहेर 38-40, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालची खोली रात्रीसुद्धा उतरत नाही. एसी 24 वर चालू ठेवणं हा सरळ उपाय. नाहीतर जाड थर्माकोलची पेटी, आत डबे, आणि टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली सकाळ-संध्याकाळ बदलायची. बाटली डब्याला चिकटवायची नाही. उन्हाळ्यात ओल्या गोणपाटानेही चार-पाच अंश उतरतात कारण हवा कोरडी असते. जून लागला की ती युक्ती बंद पडते. पावसाळ्यात तापमान आपोआप जमतं, पण मग बुरशी आणि चिलटं. झाकणाच्या भोकांवर बारीक सुती कापड चिकटवा. मातीवर वरवर पांढरी बुरशी आली तर घाबरायचं कारण नाही, ती अळी खाऊन टाकते.

उष्णतेपेक्षा जास्त भुंगे आपल्याकडे डासांच्या औषधाने मरतात. प्लगमध्ये लावायची लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे, सोसायटीचं पेस्ट कंट्रोल, महापालिकेची धुरळणी, सगळ्यात कीटकनाशकच असतं आणि भुंगा कीटकच. अळ्या ठेवलेल्या खोलीत यातलं काहीही चालणार नाही. धुरळणीची गाडी आली की खिडक्या बंद आणि डब्यांवर ओली चादर, दोन तास.

अळी पिवळसर, सुरकुतलेली आणि सुस्त झाली की कोषाची तयारी. आता डबा हलवायचा नाही, माती बदलायची नाही. हर्क्युलिसची अळी स्वतःच्या विष्ठेने लिंपून आडवी पोकळी करते, आणि नराची पोकळी शिंगासकट लांबीची लागते. उंच अरुंद बरणीत ठेवलेल्या नराला ती जागा मिळत नाही, शिंग वाकतं, आणि वाकलेलं शिंग पुढे कधी सरळ होत नाही. म्हणून शेवटची माती आडव्या, किमान 25 सेंटीमीटर लांब डब्यात भरा आणि तळाचे 10 सेंटीमीटर मुठीने ठोकून घट्ट करा.

पोकळी ढासळली किंवा अळी मातीवरच कोषात गेली, तर कृत्रिम पोकळी करावी लागते. फुलवाले गुलदस्त्यासाठी वापरतात तो हिरवा ओअ‍ॅसिस फोम मार्केट यार्डाच्या फूलबाजारात मिळतो. वीट साधारण 23 सेंटीमीटर लांब असते. चमच्याने तिच्यात 20 सेंटीमीटर लांब, 6 रुंद, 5 खोल असा गुळगुळीत नांगराच्या तासासारखा खड्डा कोरा, डोक्याकडची बाजू किंचित उंच ठेवा. फोममध्ये आम्ल उरलेलं असतं, म्हणून पाण्यात बुडवून पिळून तीन-चार वेळा धुवा. तळाशी टिश्यूचा एक पदर घाला, कारण कात टाकताना भुंग्याला पाय रोवायला खरखरीत काही लागतं. गुळगुळीत फोमवर घसरून तो पालथा होऊ शकला नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात. कोष हातात न घेता दोन चमच्यांनी उचलायचा, आणि कोष होऊन दहा दिवस तरी झाल्यावर. ताज्या कोषाची कातडी नखानेही फाटते.

सहा-आठ आठवड्यांनी भुंगा बाहेर. पंख आधी पांढरे, मग रंग चढतो. हर्क्युलिसचे पंख कोरड्या हवेत पिवळट-शेवाळी आणि दमट हवेत काळे दिसतात, आणि हा बदल उलट-सुलट होत राहतो. काळा पडला म्हणून आजारी समजू नये. त्यानंतर दीड-दोन महिने तो काहीच खात नाही. डबा अंधारात, किंचित ओलसर ठेवायचा, बास. केळं पुढे ढकलून उपयोग नाही. स्वतःहून खायला लागला तो दिवस लिहून ठेवा. त्याआधी जोडी लावली तर अंडी पोकळ निघतात.

खाणं सोपं: पिकलेलं वेलची केळं सालीशिवाय, किंवा घरची जेली. अर्धा लिटर पाणी, 5 ग्रॅम अगर पावडर, 60 ग्रॅम गूळ, एक चमचा दुधाची पावडर. उकळून छोट्या वाट्यांत ओतायची, फ्रीजमध्ये आठवडा टिकते. कलिंगड आणि काकडी नको, पोट बिघडतं आणि डबा चिकट होतो. पायांच्या सांध्यांत तपकिरी बारीक गोचिडासारखे माइट्स दिसले तर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने झाडायचे.

जोडी लावताना समोर बसून राहा. कॉकेशसचा नर मादीला शिंगांत धरून चिरडतो, हर्क्युलिसचाही भरवसा नाही. जमलं की नर बाजूला. मादीला 30 लिटरच्या टबात सोडायचं: तळाला 12 सेंटीमीटर चाळलेली बारीक माती ठोकून, वर 6 सेंटीमीटर सैल. ठोकलेला थर नसेल तर बऱ्याच माद्या अंडी घालत नाहीत. दर पंधरवड्याला टब उलथून अंडी चमच्याने उचलायची, बोटाने नाही, आणि छोट्या डब्यात मातीला खळगे करून ठेवायची. अंडं आधी बारीक असतं, मग पाणी शोषून गोल फुगतं. तीन आठवड्यांनीही फुगलं नाही तर ते गेलं.

व्यवहाराचं थोडक्यात. अळीचं डोकं एका अवस्थेत वाढत नाही. अंग वाढतं, डोकं तेवढंच राहतं. त्यामुळे फसवणूक पकडायला मिलिमीटरचे अंश मोजणारा व्हर्नियर पुरतो. आपल्या गेंड्याच्या तिसऱ्या अवस्थेतल्या अळीचं डोकं सुमारे 11 मिलिमीटर रुंद, हर्क्युलिसचं 15 च्या वर. ‘हर्क्युलिस अळी’ म्हणून फोटोत नुसता तळहात आणि पांढरी अळी दाखवणाऱ्या विक्रेत्याचा माल बहुधा उकिरड्यावरून आलेला असतो. आणि खरीच असेल तर परवाना मागा. तो नसेल तर माल खरा असला काय, खोटा असला काय, घ्यायचा नाही. देशी भुंग्यांची देवाणघेवाण करतानाही झाकणावर अंड्याची तारीख, अवस्था, शेवटची दोन वजनं आणि मातीचा घाणा एवढं लिहिलेलं हवं. सख्ख्या भावंडांची जोडी दोन पिढ्या चालते, तिसरीत अंडी कमी होतात. एप्रिल-मे मध्ये पाठवणी नको. इतर वेळी एक अळी, एक डबा, डबा काठोकाठ मातीने भरलेला. मोकळी जागा राहिली की प्रवासात माती आणि अळी दोन्ही घुसळून निघतात.

उरलेली माती सोसायटीच्या बागेत ओतू नका. तिच्यात न दिसलेलं अंडं असतंच. आपला गेंडा भुंगा 2007 मध्ये ग्वामला आणि 2013 मध्ये हवाईला पोचला आणि तिथली नारळ-ताडाची झाडं अजून त्याच्याशी झुंजतायत. ती माती आधी 48 तास फ्रीझरमध्ये, किंवा मे महिन्यात काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गच्चीवर आठवडाभर. मग खुशाल कुंड्यांत घाला, गुलाबाला मानवते.